नैवेद्याला लाल भात

पळीतलं पाणी नैवेद्याच्या पानाभोवती फिरवायला यांनी हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

"हा कसला भात वाढलायस?"

"दिसतोय ना. लाल."

"उकडा आहे हा."

"आहे."

"देवाला उकडा?"

मी म्हटलं, "देव काही बोलला का? बोलताय ते तुम्हीच."

यांनी पळी ताम्हनात ठेवली. पान उचलून देवांपुढून बाजूला सरकवलं. मग स्वतःच उठून वाटीत दूध घेतलं, त्यात साखर घातली, त्याचा नैवेद्य दाखवला आणि तेवढं वाटीभर दूध पिऊन ओटीवर जाऊन बसले. साखरेचं दूध! ज्याला आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखरेच्या नावाने हात जोडायला सांगितलं होतं त्या माणसाने. मला असा संताप आला की तो उकडा भात मी माझ्याच पानात घेतला आणि मुद्दाम त्यांना दिसेल अशी बसून जेवले. पण माणूस समोर उपाशी बसलेला असला की कितीही रागावलं तरी जेवण गोड लागत नाही.

आमचं गाव देवगडकडचं, खाडीकाठचं. हे गावाचे भटजी, काशीनाथ जोगळेकर. काशीभटजी म्हटलं की पंचक्रोशीत कुणीही घर दाखवेल. मी मूळची वाईकडची. लग्न होऊन कोकणात आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं की या घरात दोन गोष्टी पाळायच्या. एक, नैवेद्याआधी कुणी जेवायचं नाही. दुसरी, उकडा तांदूळ स्वयंपाकघरात आणायचा नाही. उकडा म्हणजे भात आधी सालासकट उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडून तांदूळ काढायचा. तो एकदा शिजून झालेला, म्हणून देवाला चालत नाही. देवाला सुरय, म्हणजे न उकडलेला. शेती करणाऱ्या कुळवाड्यांच्या घरी लाल उकडा आणि आमच्या घरी पांढरा सुरय, असं वर्षानुवर्षं चाललेलं. लाल म्हणजे उकडा आणि उकडा म्हणजे लाल, हे आम्हाला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं ठाऊक होतं.

यांची आणखी एक तऱ्हा होती. घरात बाकीचे नैवेद्य दाखवल्यावर जेवायचे. हे मात्र नैवेद्याच्या पानातलं तेवढंच जेवायचे. त्या पानाबाहेरचं अन्न पोटात जाऊ द्यायचं नाही. पूजा सांगायला गेले तर तिथल्या नैवेद्याचं पान यांचं. हॉटेलात, गाडीत, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत एक घास नाही. मला वाटायचं, वय वाढलं तसं हे त्यांच्या काकांचं सोवळं अंगात आलंय. मुलं लहान होती तेव्हा मी या नैवेद्याच्या नावाने किती बोटं मोडली असतील, त्याची गणती नाही. तर या पानात भात किती असायचा? मूद नव्हे, किल्ला. पांढराशुभ्र, त्यावर वरण, त्यावर तूप. मग ताकाला पुन्हा एक बुरूज.

आणि एका वास्तुशांतीत, आरती चालू असताना, यांच्या छातीत कळ आली. घामाने सदरा भिजला. खांबाला धरून खाली बसले. यजमानांनी जीप काढली आणि कणकवलीला नेलं. डॉक्टर हळब्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त तपासलं आणि मला समोर बसवून सांगितलं.

"वहिनी, हा फटका थोडक्यात गेला. पुढचा जाईलच असं मी सांगू शकत नाही. रक्तात साखर आहे, चरबी आहे. गोळ्या देतोय त्या चुकवायच्या नाहीत. रोज चालायचं. आणि हा जो भाताचा डोंगर आहे तो खाली आणायचा."

"भात बंद?" यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी जानवंच मागितलं.

"बंद नाही हो. कोकणी माणसाचा भात बंद केला तर तो दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतो. पांढरा, घासून गुळगुळीत केलेला नको. लाल तांदूळ खा, कोंड्यासकट. तो हळू पचतो, साखर एकदम उसळत नाही, पोट भरल्यासारखं राहतं. त्या लाल सालातही हृदयाला बरं असं काही असतं म्हणतात. पण जादू नाही हां ती. वाटीभरच. सोबत भाजी, उसळ भरपूर. तीन महिन्यांनी या. उतार नसेल तर मुंबईला पाठवीन, छाती उघडायची तयारी ठेवून."

छाती उघडायची! परत येताना जीपमध्ये मी रस्ताभर त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघत होते. म्हणून मग मी गावात भात पिकवणाऱ्या आनसाबाईकडून लाल तांदूळ आणला, शिजवला, आणि पुढे काय झालं ते सांगितलंच.

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरा उपाय काढला. हे पानातलं तेवढंच खातात ना, मग पानातला भातच कमी करायचा. पांढरा तर पांढरा, पण मूठभर. शेजारी नाचणीची भाकरी ठेवली. यांनी मुकाट्याने मूठभर भात खाल्ला आणि भाकरी तशीच ठेवली.

"भाकरी का नाही खाल्लीत?"

"खाल्ली की, तुकडा. भाकरी ही न्याहारी झाली गं. ते जेवण नव्हे."

असे आठ-दहा दिवस गेले. गोळ्या चालू, पोटात अन्न नाही. एक दिवस देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांना घेरी आली. गुरवाने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. घरी आणून सोडलं तेव्हा हात थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. पाणी पाजलं, आडवं केलं. दिवेलागणीला जरा बरं वाटून ते उठून बसले आणि मग मात्र माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.

"किती दिवस हा तमाशा करायचाय? जास्त खाल्लं तर छातीत कळ, कमी खाल्लं तर घेरी. समोर लाल भात आहे, तो खायचा नाही. का, तर देवाला चालत नाही! उद्या तुम्ही गेलात तर त्या देवाला कोण जेवू घालणार आहे? मी नाही घालणार, आत्ताच सांगून ठेवते!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! सगळ्या गावाला ऐकू दे. तुमच्या डोळ्यांनी बघा एकदा माझ्याकडे. मला भीती वाटते हो. सकाळी तुम्ही उठेपर्यंत मी तुमचा श्वास ऐकत पडलेली असते. त्या देवासाठी तुम्ही मरायला निघालात?"

"मी गेलो तर चालेल," हे शांतपणे म्हणाले.

"काय?"

"मी गेलो तर चालेल. तू गेलेली चालणार नाही."

मला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ते पंचाने तोंड पुसत हळूहळू बोलत राहिले.

"आपल्या सुलभाच्या जन्माच्या वेळी तुला रत्नागिरीला नेलं होतं, आठवतं? तू शुद्धीवर नव्हतीस. रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मूल हाताला लागलं, बाईंचं काही सांगता येत नाही. मी त्या व्हरांड्यात उभा होतो. माझ्याजवळ देवाला द्यायला काय होतं? खायची आवड तेवढी होती. मी म्हटलं, ही उठली तर यापुढे तुझ्या पानातलं तेवढंच खाईन. दुसरा घास शिवणार नाही. पहाटे तू डोळे उघडलेस."

लग्नाला तोवर तीस वर्षं होऊन गेली होती.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"नवस बोलून दाखवला की त्याचा पुण्यभाग जातो म्हणतात. आणि सांगितलं असतं तर तू मला तो सोडायला लावला असतास."

"लावलाच असता!"

"म्हणूनच. उकडा नैवेद्यात ठेवून देवाला फसवायचं, आणि त्याचं उट्टं त्याने तुझ्यावर काढलं तर? माझी हिंमत नाही गं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त रागही आला. असला कसला नवस, एकाला उभं करायचं म्हणून दुसऱ्याने आडवं व्हायचं? पण ज्या पानाला मी जन्मभर शिव्या दिल्या ते पान माझ्या जिवासाठी मांडलेलं होतं. मी आत गेले, चुलीशी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडून घेतलं. मग तोंड धुतलं. रडून काही साखर उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आनसाबाई घाडीच्या खळ्यात गेले. उरलेला उकडा तिला परत द्यायचा होता, आमच्याकडे कोण खाणार? खळ्याच्या कडेला मोठ्या हंड्यात तिचं भात उकडत होतं, वाफेचा तो ओला, मातकट वास सगळीकडे भरला होता. शेजारी चटईवर न उकडलेलं भात पसरलेलं. मी सहज मूठभर उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. साल उडालं. आतला दाणा लालच होता.

मी आणखी दोन दाणे चोळले. तेही लालच.

"आनसाबाय, हे अजून उकडलेलं नाही ना?"

"नाय गो. ता उद्याक लावतलंय."

"मग हे लाल कसं?"

ती हसायला लागली. "वयनीनू, काय इचारतात! तांदूळच तांबडो तो. उकडूक लावलो म्हणान काय तांबडो जाता?"

"आणि न उकडताच भरडला तर?"

"कोण भरडता? मोडान कणी जातली. आमका पेजेक उकडोच बरो, टिकता, पोटात ऱ्हवता. तुमका कित्याक व्हयो तसो?"

मी तिला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथेच पुन्हा रडले असते. फक्त म्हटलं, "त्यातलं दोन पायली भात मला दे. न उकडलेलं." ती माझ्याकडे बघत मापू लागली. भटणीला वेडाची लहर आली असावी, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तिथून मी तशीच भिकाजी मेस्त्रीच्या गिरणीत गेले.

"मेस्त्री, फक्त टरफल काढायचं. लाली जाता कामा नये. एकदाच फिरवायचं."

"वैनी, एका फेरीत काय होतंय? तूस राहील. तीन हात मारतो, मोगऱ्याच्या कळीसारखा करून देतो तांदूळ."

"कळी नको. माणूस जगवायचाय मला."

"लोक म्हणतील मेस्त्रीची गिरण बिघडली."

"म्हणू देत. मी सांगेन, काशीभटजींची बायको बिघडली."

त्याने मान हलवत एकदाच फिरवलं. कणी पडली, थोडं तूस राहिलं, पण तांदूळ लाल होता. सुरय आणि लाल. घरी येऊन मी सूप घेऊन बसले आणि तूस वेचत राहिले. हे पुन्हा "नाही" म्हणाले तर माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं.

सकाळी तांदूळ भिजत घातला. पांढऱ्याच्या अंदाजाने चुलीवर चढवला तर शिजेचना. दाणा बोटाने दाबला की आत गोटा. आणखी पाणी घातलं, आणखी जाळ केला. देवघरातून हाका सुरू झाल्या.

"झालं का गं? बारा वाजत आले."

"थांबायला सांगा देवाला!"

शेवटी शिजला. वाटीभर भात पानात घातला. शेजारी मुगाची उसळ चांगली डावभर, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. पान देवांपुढे ठेवलं आणि मी दाराशी उभी राहिले.

यांनी पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. इतकं सगळं सांगूनही हिने तेच केलं, अशी ती नजर होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली.

"पुन्हा?" एवढंच म्हणाले.

"आधी हे बघा." मी कच्च्या तांदळाची मूठ त्यांच्या तळहातावर ठेवली. "मग पळी खाली ठेवायची तर ठेवा."

उकड्याचा दाणा कसा काचेसारखा दिसतो, आरपार, घट्ट. हा तसा नव्हता. यांनी एक दाणा नखाने मोडला. आतून पांढरा, पिठूळ. दुसरा मोडला. तिसरा उजेडात धरला. नाकाशी नेऊन वास घेतला.

"हा उकडलेला नाही."

"नाही."

"मग लाल कसा?"

"जन्मतःच. सालच लाल. आपण जन्मभर उकडा म्हणून त्याला दारातून परत पाठवत होतो."

हे बराच वेळ दाणे तळहातावर फिरवत राहिले. आणि मग एकाएकी ते हसले. किती दिवसांनी हसले!

"अगं, रक्तशाली!"

"काय?"

"रक्तशाली. जुन्या वैद्यकात सगळ्या तांदळांत पहिला मान याचा. मुंजीनंतर काकांनी पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून. मला वाटायचं, असेल कुठेतरी हिमालयाकडचा तांदूळ. आणि हा घाड्यांच्या खळ्यात! दारापुढून जातो की गं मी रोज."

"मग देवाला चालतो?"

"देवाला कधी चालत नव्हता? आम्हालाच ठाऊक नव्हतं."

त्यांनी पळीत पाणी घेतलं, तुळशीपत्राने शिंपडलं आणि पानाभोवती फिरवलं. प्राणाय स्वाहा म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

जेवायला बसले. पहिला घास घेतला. चावत राहिले, चावत राहिले.

"चावावा लागतो."

"चावा. दात आहेत अजून."

"गोड आहे पण. मागाहून चव येते." उसळ संपली, भाजी संपली, ताकाशी भात संपला. यांनी सवयीने पान पुढे केलं. "थोडा वाढ."

"नैवेद्याच्या पानातलं तेवढंच," मी म्हटलं. "नवस तुमचा आहे, माझा नाही."

असे बघत राहिले माझ्याकडे! त्या दिवसापासून मला तो नवस आवडायला लागला. औषधाच्या बाटलीवर मापाच्या खुणा असतात तसा तो माझ्या उपयोगी पडला. पान मीच वाढायची, त्यामुळे किती खायचं ते मीच ठरवायची. आणि लाल भात वाटीभर खाल्ला तरी त्यांना दुपारभर भूक लागत नसे, घेरीही पुन्हा आली नाही. हे यजमानांकडे पूजेला निघाले की मी पुरचुंडीत तांदूळ बांधून द्यायची. बायका आधी हसल्या. मग एकेकजण हळूच विचारायला लागली की न उकडलेला लाल कुठे मिळतो. आनसाबाईने पुढच्या वर्षी थोडं भात न उकडता राखून ठेवलं, माझ्याकडे बघून मान हलवत. हे रोज संध्याकाळी बंदरापर्यंत चालत जायचे आणि यायचे. गोळ्या मी मोजून हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

तीन महिने झाले. कणकवलीला गेलो. रक्त तपासायला दिलं आणि बाकावर बसून राहिलो. यांनी माझा हात धरला होता, आणि चारचौघांत हे असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. डॉक्टर हळब्यांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला.

"भटजी, काय केलंत?"

"का? वाईट आहे?" मी ओरडलेच.

"वाईट नाही हो वहिनी. साखर चांगली उतरलीय. चरबीही खाली आलीय. अजून पूर्ण नाही, पण वाट धरलीय. मुंबईचं आता काढायचं नाही."

"लाल तांदूळ," हे अभिमानाने म्हणाले, जणू यांनीच नांगरून काढला होता.

"त्याचा हातभार आहेच. पण सगळं श्रेय त्यालाच देऊन गोळ्या फेकू नका. वाटीचं माप पाळलंत, चाललात, औषध घेतलंत, तेव्हा झालं. हे असंच जन्मभर चालू ठेवायचं, काय?"

बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मोठ्यांदा रडले. येणारे-जाणारे बघत होते. एक बाई तर जवळ येऊन हळूच म्हणाली, "गेले का हो?" मी रडत रडतच सांगितलं, "नाही हो, राहिले!" शेजारी हे बसलेले, पंचाने माझे डोळे पुसत. याला आता बरीच वर्षं झाली. हे ऐंशीच्या पुढे गेले, अजून रोज बंदरापर्यंत चालतात आणि वाटेत भेटेल त्याला रक्तशाली सांगतात.

तर त्या दिवशी रडून झाल्यावर मला अशी सडकून भूक लागली की विचारू नका. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही शिरलो. हे अर्थातच जेवणार नव्हते, नुसते समोर पाणी घेऊन बसले. माझ्यापुढे ताट आलं. डाळ, उसळ, सोलकढी आणि मधोमध पांढऱ्या भाताचा हा एवढा ढीग. मी हात घातला तोच यांनी ताटाची कड धरली.

"अगं, केवढा भात हा!"

"मला भूक लागलीय."

"निम्मा काढ."

"साखर तुम्हाला आहे, मला नाही."

"नसू दे. निम्मा काढ म्हणतो ना." ताटाची कड सोडेनात. मग माझ्याकडे न बघता, पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाले, "तुला काही झालं तर इतकी वर्षं मी उपास काढले ते कुणासाठी?"

मी पोऱ्याला हाक मारली आणि निम्मा भात परत दिला. सोलकढी मात्र आणखी एक वाटी मागवली.